सोसायटीतलं झाड मे महिन्यात निवडावं

"मॅडम, वर्षभर फुलं देणारं, पानं न गाळणारं, पटकन वाढणारं आणि मुळं न पसरणारं एखादं झाड सांगा." सोसायट्यांच्या कमिट्यांकडून हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. विचारणारी माणसं मनापासून विचारत असतात. त्यांना झाडं हवी असतात, पैसे घालायचीही तयारी असते. फक्त त्यांची झाडाशी ओळख फोटोवरून झालेली असते, आणि फोटो नेहमी बहरातला असतो. बहावा म्हणजे पिवळे घोस, ताम्हण म्हणजे जांभळे तुरे. पण बहर टिकतो तीन-चार आठवडे. उरलेलं सगळं वर्ष त्या झाडाखाली गाडी लावायची असते, मुलांना खेळायचं असतं, संध्याकाळी आजी-आजोबांना टेकायचं असतं. त्या उरलेल्या वर्षाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात लँडस्केपचं काम करते. बहुतेक कामं बाणेर-वाकडपासून हिंजवडीपर्यंतच्या सोसायट्यांची, मधूनच एखादं फार्महाउस. झाडांची यादी करताना मी प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिते: मे महिन्यात दुपारी तीन वाजता हे झाड कसं दिसतं? पुण्याच्या हवामानात झाडाची गरज सगळ्यात जास्त तेव्हा असते आणि झाडाची परीक्षाही तेव्हाच होते.

आपल्याकडची बरीचशी झाडं पानगळीची. माघ-फाल्गुनात ती पानं टाकतात, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फरक पडतो तो पुढे. काही झाडांना चैत्र लागता लागता नवी पालवी येते आणि वैशाखात ती गच्च भरलेली असतात. काही मात्र पावसाची चाहूल लागेपर्यंत उघडीच राहतात. पार्किंगसाठी, बसस्टॉपसाठी, बाकांसाठी झाड निवडताना हा एक फरक कळला तरी अर्धं काम होतं. कडुलिंब पहिल्या गटातला. पाडव्याला आपण त्याचा कोवळा पाला खातो, त्याअर्थी मे महिन्यात सावली नक्की. वावळा, पिंपळ, कुसुंब हेही त्यातलेच. कुसुंबाची मार्चमधली लाल पालवी पाहिली की लोक विचारतात, ही फुलं कसली? बहावा दुसरीकडचा. ऐन उन्हाच्या तडाख्यात तो फुलतो खरा, पण त्या वेळी त्याच्या अंगावर पानं नसतात किंवा जेमतेम असतात. बहावा लावूच नका असं मी कधी सांगत नाही, माझं आवडतं झाड आहे ते. तो गेटजवळ लावा, बाल्कनीतून दिसेल असा कोपऱ्यात लावा. त्याच्याखाली बाक मात्र टाकू नका.

करंजाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण या झाडावर फार अन्याय होतो. यादीत करंज दिसला की कमिटीचा चेहरा पडतो. "तो तर रस्त्याकडेला असतो." असतो, आणि रस्त्याकडेला तो का टिकला याचा विचार करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं गळतात आणि लगेचच पोपटी, तेल चोपडल्यासारखी चकचकीत पालवी येते. एप्रिल-मेमध्ये त्याच्याखालची सावली इतकी दाट असते की दुपारी रिक्षावाले तिथेच झोपतात. शेंगवर्गातलं झाड असल्यामुळे मुळांच्या गाठींत नत्र धरतं, मुरमाड जमीन चालते, पहिली दोन-तीन वर्षं पाणी दिलं की पुढे फारसं मागत नाही. त्रासही सांगते. त्याच्या पानांवर फोड येतात, ते दिसायला बरे नसतात, पण त्याने झाड मरत नाही. उन्हाळ्यात पांढरट-जांभळट फुलांचा सडा पडतो, रोज झाडावा लागतो. ज्यांना गाडीच्या काचेवर फूलही नको असतं त्यांना मी सांगते की पत्र्याची शेड बांधा; तिथे मे महिन्यात दुपारी उभं राहून पाहा आणि मग करंजाखाली या.

निवडीच्या आधी येते ओळख. नवीन झाडं कोणती लावायची याची चर्चा सुरू होते तेव्हा जागेवर आधीपासून काय उभं आहे, हे बहुतेकांना नीट माहीत नसतं. हिंजवडीच्या पुढे एका साइटवर मला झाडांच्या सर्व्हेची यादी मिळाली. त्यात एका बाजूच्या सगळ्या मोठ्या झाडांपुढे "शिरीष" एवढंच लिहिलं होतं. यादी हातात घेऊन फिरले तेव्हा ती तीन वेगवेगळी झाडं निघाली.

लांबून तिन्हींची पानं संयुक्त, बारीक पर्णिकांची, म्हणून गोंधळ होतो. पण खाली वाकलं की झाड स्वतःच ओळख देतं. शिरीषाखाली चपट्या, कागदासारख्या पातळ, गवती रंगाच्या शेंगा पडलेल्या असतात. हिवाळ्यात त्या झाडावरच वाऱ्याने खडखडत राहतात. पर्जन्यवृक्षाखाली काळपट, जाड, न फुटणाऱ्या शेंगा मिळतात, आत गोड चिकट गर, आणि त्या तुडवल्या गेल्या की फरशीला चिकटतात. गाईगुरं त्या आवडीने खातात. पानही पाहा: पर्जन्यवृक्षाची पर्णिका तिरपी, शंकरपाळ्याच्या आकाराची आणि टोकाकडची सगळ्यात मोठी, शिरीषाची लांबट, टोकाला बोथट. तिसरी निघाली किन्हई. तिचं खोड पांढुरकं, फिकट पिवळट-हिरवट छटेचं, हाताला गुळगुळीत, आणि शेंगा तांबूस. एकदा किन्हईच्या खोडावरून हात फिरवला की माणूस तिला शिरीष म्हणणार नाही.

नावात काय आहे, असं कुणी म्हणेल. आराखड्यात पुष्कळ काही असतं. पर्जन्यवृक्षाचा डोलारा मोकळ्या जागेत तीस मीटरपर्यंत पसरतो. मूळ आराखड्यात चालण्याचा ट्रॅक नेमका त्याच्या बुंध्याला खेटून, मुळांवर खोदाई करून जाणार होता. तो सरकवला आणि झाडाखाली नुसतं गवत ठेवलं. किन्हई गेटजवळ होती, ओढ्याच्या कडेला; तिच्या पांढऱ्या खोडापुढे दुसरं काही लावायची गरजच नव्हती, म्हणून प्रवेशाचं नियोजन तिच्याभोवती केलं. शिवाय कायद्याचा भागही आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला आता वारसा वृक्ष मानतात, आणि झाड तोडायची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आता वय काढतात खोडाच्या घेरावरून, आणि घेराचा अर्थ जातीनुसार बदलतो. पर्जन्यवृक्ष झपाट्याने जाड होतो, बकुळ फार सावकाश. तेवढ्याच घेराच्या बकुळीचं वय कितीतरी जास्त निघेल. जात चुकली की वय चुकलं, आणि वय चुकलं की पुढचं सगळंच चुकलं.

त्याच यादीत काही झाडांपुढे "वाळलेले" असा शेरा होता. सर्व्हे एप्रिलमधला. माझ्याबरोबर साइटवरचे माळीमामा होते, मूळचे मुळशीकडचे. त्यांनी एका खोडाशी थांबून नखाने साल थोडी खरवडली. वरचा करडा थर निघाला आणि आतून ओलसर, हिरवट-लालसर साल दिसली. म्हणाले, "ह्ये वाळल्यालं न्हाई ताई. मोई हाय ती. पाऊस पडू द्या, मग बघा." मोई, काही जण तिला शेमट म्हणतात, वर्षातले कितीतरी महिने निष्पर्ण असते; जून उजाडेपर्यंत तिच्याकडे पाहून कुणालाही ती मेली असंच वाटेल. आपल्या टेकड्यांवर मोई, सालई, मेडशिंगी यांची हीच तऱ्हा. ही झाडं खडकाळ, उथळ मातीत पाण्याशिवाय तग धरतात, कारण ती उन्हाळ्यात पानं ठेवतच नाहीत. एप्रिलमधला सर्व्हे न ओळखणाऱ्याने केला तर ती सगळी कागदावर मरतात. मोबाइलचं ॲप फुलाचा, पानाचा फोटो दिला तर बऱ्यापैकी नाव सांगतं, मीही वापरते. पण उघड्या फांदीसमोर त्याला फार काही सांगता येत नाही. तिथे साल, खोडाची ठेवण, खाली पडलेली शेंग आणि गावचा माणूस हेच कामाला येतात. ती मोई राहिली.

आता परदेशी झाडांविषयी. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, पांढरा चाफाही अमेरिकेतूनच आला. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेतली, पण तिला इथे इतका काळ लोटला की तिला परकं म्हणायला माझी जीभ वळत नाही. बाहेरचं म्हणून झाड वाईट ठरवणं मला पटत नाही. प्रश्न जागेचा असतो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. एप्रिल-मेमध्ये वळिवाचा वारा सुटला की पुण्यात कुठे ना कुठे गुलमोहराची फांदी गाडीवर आल्याची बातमी असते. मोठं मैदान असेल, खाली वाहनं आणि वरून तारा नसतील, तर गुलमोहरासारखं देखणं झाड शोधून सापडणार नाही. साडेतीन मीटरच्या ड्राइव्ह वेच्या कडेला तो लावणं हा त्या झाडावरही अन्याय आणि रहिवाशांवरही.

कोनोकार्पसला मात्र मी सरळ नाही म्हणते. कुंपणाला झटपट हिरवी भिंत हवी म्हणून ते लावतात. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पुण्यात दुभाजकांवर ते अजून दिसतं. त्यावर मी पाखरू बसलेलं क्वचितच पाहिलंय. हिरवी भिंत हवी असेल तर कुंती, मेंदी, अडुळसा आहेत, आणि दोन-तीन वर्षं धीर धरायची तयारी हवी.

देशी झाडाचंही तसंच, आंधळेपणाने निवडू नये. सप्तपर्णी अस्सल इथली, सदाहरित, वाढीला चांगली, आकाराला सुबक. म्हणून मधल्या काळात सोसायट्यांनी तिच्या ओळीच्या ओळी लावल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती फुलते आणि रात्री तिचा वास इतका उग्र होतो की पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. एकटं झाड मोकळ्या जागेत असेल तर तोच वास हवासा वाटतो. ओळीचा दुसरा धोका रोगाचा आहे. मुंबईत मागच्या दशकात पिठ्या ढेकणाने ग्रासलेले पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले. एकाच जातीची लांब ओळ म्हणजे एका किडीला सगळी सावली आंदण देणं. माझ्या यादीत म्हणूनच कुठलीही जात सलग फार लांब नसते, भले त्यामुळे कागदावरचा आराखडा कमी नीटस दिसो.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक यांना मी इमारतीच्या आणि संरक्षक भिंतीच्या दहा-बारा मीटरच्या आत जागा देत नाही. ज्या सोसायटीकडे तेवढी मोकळी जागा असेल तिथे एक तरी उंबर असावा असा माझा आग्रह असतो, कारण त्याला वर्षातून अनेकदा फळं येतात आणि पक्ष्यांची वर्दळ थांबत नाही. जांभूळ पार्किंगपासून लांब, हे वेगळं सांगायला नकोच.

अलीकडे निम्म्याहून जास्त बाग पार्किंगच्या स्लॅबवर असते. तिथे सगळी गणितं बदलतात. ओली माती घनमीटरला साधारण १.८ ते २ टन भरते. म्हणजे मीटरभर खोल मातीचा थर दिला की प्रत्येक चौरस मीटरवर तेवढं वजन, वर झाडाचं वेगळं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने किती भार धरलाय, हे विचारल्याशिवाय मी तिथे एकही झाड मांडत नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात स्लॅबवर भलेमोठे वृक्ष रंगवलेले असतात; मीटरभर मातीत ते कधीही तसे होणार नाहीत. तिथे पारिजातक, तगर, कुंती, पांढरा चाफा, कढीपत्ता, लिंबू यांच्यातच मला समाधान वाटतं. पारिजातकाची खरखरीत पानं उन्हाळ्यात मरगळतात, पण श्रावणापासून पुढे सकाळी खाली जो सडा पडतो तो वेचायला लहान मुलं येतातच.

आणि दोन टॉवरच्या मधली ती अंधारी पट्टी, जिथे दुपारचं ऊन पोचत नाही, तिथे सगळे आसूपालव लावतात, तो सरळसोट उंच वाढणारा. ती जागा खरी सीतेच्या अशोकाची आहे. त्याला सावली आणि ओल आवडते, तो बुटका आणि गोलसर राहतो, त्याची कोवळी पानं तांबूस रंगाची, मलूल झाल्यासारखी खाली लोंबतात आणि मग हळूहळू ताठ होतात. फेब्रुवारीपासून जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर, केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि वयानुसार ते लाल होत जातात. जंगलात हे झाड कमी होत चाललंय, सालीसाठी फार ओरबाडलं गेलं. आपल्या सोसायटीतल्या एका नकोशा पट्टीत ते सुखाने वाढू शकतं, फक्त उन्हाळ्यात पाणी चुकवायचं नाही.

नर्सरीत जाताना शक्यतो मी कमिटीतल्या दोघा-तिघांना बरोबर नेते. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. तिथे नाव ओळखण्याची पहिली परीक्षा आपट्याची. आपटा म्हणून कांचनाचं रोप सर्रास हातात पडतं, आणि दसऱ्याला बिचारा कांचन ओरबाडला जातो तो वेगळाच. पान तळहातावर ठेवा. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, जाडसर आणि खरखरीत, मधली खाच फार खोल नाही. कांचनाचं मोठं, पातळ, लांबट. तसाच घोटाळा अर्जुन आणि ऐन यांचा. दोघांच्याही पानाच्या बुडाशी, देठाजवळ, बारीक गाठी असतात; बोटाला लागतात. रोप लहान असताना खोडावरून काही कळत नाही, मोठेपणी मात्र अर्जुनाचं खोड पांढरट गुळगुळीत आणि ऐनाची साल चौकोनी भेगांनी मगरीच्या पाठीसारखी फाटलेली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, यादीतलं झाड आधी पूर्ण वाढलेलं पाहून या. एम्प्रेस गार्डन आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, शेतकी महाविद्यालय आहे. बकुळीचं फूल सगळ्यांना माहीत असतं. बकुळीखाली मे महिन्यात उभं राहिलेले थोडेच.

नाव पटलं की पिशवी उचलून बूड पाहा. मुळं गोल गोल फिरून दोरखंड झालेली असतील तर ते रोप उंच, हिरवंगार असलं तरी घेऊ नका. जमिनीत गेल्यावरही मुळं गोलच फिरतात आणि काही वर्षांनी पहिल्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. खोड खाली जाड, वर निमुळतं हवं. काठीला बांधलं नाही तर वाकणारं रोप म्हणजे दाटीत कोंडून उंच केलेलं रोप. शेंडा छाटलेला असेल तर पुढे त्याच जागी दोन-तीन शेंडे फुटतात आणि तिथेच फाटतात. "एकदम मोठंच झाड आणू, लगेच सावली" म्हणणाऱ्यांसाठी आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून मोठमोठी झाडं येतात. त्यांच्या मुळांभोवती घट्ट तांबड्या मातीचा गोळा असतो. तो तसाच आपल्या काळ्या मातीत पुरला तर पाणी बाहेरच्या मातीत मुरतं आणि गोळा आतून कोरडा राहतो. गोळ्याची बाहेरची बाजू हलकेच मोकळी करून, पाणी थेट गोळ्यावर पडेल असं आळं करावं लागतं. माझा अनुभव असा की सहा-सात फुटांचं निरोगी रोप चार-पाच वर्षांत या मोठ्या झाडाला गाठतं.

खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. मेमध्येच खणून उन्हात तापू द्यायचा, बांधकामाचा राडारोडा निघाला तर तो पूर्ण उचलायचा. निघालेली चांगली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत एवढं पुरतं. लागवड जूनमध्ये, पहिले दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजल्यावर. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवायची, खोड पुरायचं नाही. आणि बुंध्याभोवती फरसबंदी नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबद्दल आदेश देताना बुंध्यापासून मीटरभरातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मी आराखड्यातच दीड मीटरचं आळं मोकळं दाखवते आणि त्यात सोसायटीतलाच पालापाचोळा घालायला सांगते. पाचोळा जाळायचा नाही आणि पोत्यात भरून बाहेरही पाठवायचा नाही, हे मी लेखी देते.

ज्या हिंजवडीच्या साइटबद्दल वर लिहिलं तिथली यादी आता पक्की झाली आहे. पार्किंगच्या कडेने करंज आणि कडुलिंब आलटून पालटून, मैदानाच्या पश्चिमेला कुसुंब आणि बकुळ, टॉवरच्या मधे सीतेचा अशोक, कोपऱ्यावर बहावा, नाल्याच्या ओलीला अर्जुन आणि ताम्हण. अध्यक्ष काकांना बकुळ सावकाश वाढते याची काळजी वाटत होती. म्हणाले, "मला तिची सावली मिळेल का हो?" मी त्यांना खरं तेच सांगितलं, दाट सावलीला पंधरा वर्षं तरी लागतील. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की दोन जास्त लावा, नातीच्या खिडकीसमोर. त्या दोन जागा नकाशावर वाढवल्या आहेत. खड्डे खणायला पुढच्या आठवड्यात सुरुवात होईल, आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तरतूद कमिटीने वार्षिक अंदाजपत्रकात घातली आहे.